टक्क्याचा जाब कुणाला?

आपल्या रविवारच्या अभ्यासवर्गात मागच्या महिन्यात शाळेवरून वाद झाला. एक साथी म्हणाला, शाळेच्या रजिस्टरातला जातीचा रकाना आधी फाडून टाका, सहा वर्षांच्या पोराला जात कशाला विचारता? दुसरा उसळला. म्हणाला, रकाना फाडलास तर उद्या दाखला कुठून आणशील, आणि सरकारपुढं उभा राहून कुठल्या तोंडानं हक्क मागशील? तिसरा साथी डी.एड. होऊन कित्येक वर्षं भरतीची वाट बघतोय. तो शांतपणे म्हणाला, 'रकाना ठेवा नाहीतर काढा, आपल्या पोरांना वाचता येत नाही हे खरं का खोटं तेवढं सांगा.' त्यावर सगळे गप्प झाले. ती गप्पगप्प मला सोसली नाही म्हणून हे लिहितोय.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात कामाला आहे. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण वाचनालयात आणि विहारात झालं. तेव्हा हे कुणा शिक्षणतज्ज्ञाचं लिखाण नाही. पण प्रश्न तज्ज्ञांचा नाहीच. प्रश्न नीतीचा आहे. पोराला वाचता आलं नाही तर देणं कुणाचं राहिलं? पोराचं, का दुसऱ्या कुणाचं?

आमच्या वस्तीला जिल्हा परिषदेची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. पटावर सतरा पोरं. भिंतीवर रंगानं आखलेला तक्ता आहे. असले तक्ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. एकीकडं इयत्ता, दुसरीकडं अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास, खुला. आमच्या तक्त्यात अनुसूचित जातीचे नऊ, विमुक्त-भटक्यांचे चार, जमातीचे दोन, इतर मागास दोन. खुल्याच्या खाली शून्य. त्याच भिंतीवर दुसरा एक कागद लागायचा. प्रगत किती, अप्रगत किती. २०१५ साली सरकारनं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम काढला तेव्हा हे दोन शब्द गावोगावच्या शाळांत पोचले. ज्याला इयत्तेप्रमाणं वाचता येतं, हिशेब करता येतो तो प्रगत. ज्याला येत नाही तो अप्रगत.

आता हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. एकावर जात, दुसऱ्यावर अक्कल. दोन्हींच्या मधे कुणी रेघ मारलेली नाही. पण बघणाऱ्याचा डोळा ती रेघ आपोआप मारतो. तपासणीला येणारा साहेब मारतो, पोरगं सोडायला आलेली आई मारते आणि चौथीतलं पोर पण मारतं, कारण त्याला तेवढं वाचता येतं.

ही रेघ दोन प्रकारची माणसं दोन तऱ्हेनं मारतात. पहिला म्हणतो, ह्यांच्यात मुळातच नाही. हे वाक्य आता चारचौघांत कुणी बोलत नाही, चहाच्या टपरीवर बोलतात. दुसरा सुशिक्षित असतो. तो म्हणतो, घरी वातावरण नाही हो, आईबाप अडाणी, पोरं तरी काय करतील? ह्याचा आवाज मऊ असतो, डोळ्यांत दया असते. पण नीट ऐका. दोघंही एकाच घराचा पत्ता सांगतात. पहिल्यानं दोष रक्तात ठेवला, दुसऱ्यानं झोपडीत ठेवला. शाळेच्या दारात, तालुक्याच्या कचेरीत, मंत्रालयाच्या तिजोरीत दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.

मग आकडे मोजूच नयेत का? असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटायचं, आपल्या पोरांना जातीच्या रकान्यात घालून मोजणं हाच अपमान आहे. पण शासनानं छापलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी खंडांतला दुसरा खंड मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचला. त्यात १२ मार्च १९२७ चं भाषण आहे. मुंबईच्या कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालली होती. बाबासाहेब तिथं नवेच सभासद. त्यांनी काय केलं? त्यांनी जातवार आकडे मांडले.

सरकारनंच तेव्हा लोकांचे चार गट पाडले होते. प्रगत हिंदू, मध्यम वर्ग, मुसलमान आणि मागास वर्ग. ह्या मागास वर्गात अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती. हजार लोकवस्तीमागं प्राथमिक शाळेत पोरं किती? प्रगत हिंदूंची ११९, मुसलमानांची ९२, मध्यम वर्गाची ३८ आणि मागास वर्गाची १८. लोकसंख्येत मागास वर्गाचा नंबर दुसरा होता. शिक्षणात शेवटचा. आणि प्रगत हिंदू संख्येनं सगळ्यात थोडे, शिक्षणात सगळ्यांच्या पुढं.

मित्रांनो, 'प्रगत' हा शब्द इथं आधी आला आहे. १९२७ च्या तक्त्यात तो जातींना लावलेला होता. आमच्या शाळेच्या भिंतीवर तो पोरांना लावला. मधे नव्वदेक वर्षं गेली. आणि त्या तक्त्यातला चौथा गट म्हणजे आजच्या भाषेत अनुसूचित जाती, जमाती आणि विमुक्त. आमच्या पटावरची सतरापैकी पंधरा पोरं त्या चौथ्या गटाची नातवंडं-पतवंडं आहेत.

आकडे तेच, जातीचे रकाने तेच. मग टपरीवरच्या माणसात आणि बाबासाहेबांत फरक कुठला? फरक आकडा कुणासमोर धरला ह्यात आहे. टपरीवरचा माणूस आकडा पोरासमोर धरतो. बाबासाहेबांनी तो सरकारसमोर धरला. त्या आकड्यावरून त्यांनी, आमची पोरं कमी आहेत, असा अर्थ काढला नाही. तुम्ही आम्हांला कमी दिलंत आणि किती कमी दिलंत ते हे बघा, असा काढला. पुढं त्यांनी असंही सांगितलं की खाली राहिलेल्यांना बरोबरीला आणायचं तर सगळ्यांना सारखं वागवून भागणार नाही, खालच्यांना जास्त द्यावं लागेल. त्या भाषणाला आठ दिवस होतात न होतात तोच २० मार्चला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मी ह्या दोन गोष्टी वेगळ्या समजत नाही. सार्वजनिक तळ्यावर आमचा हक्क, तसा सार्वजनिक पैशावर आमचा हक्क. एकीकडं पाणी मोजलं नाही, दुसरीकडं पोरं मोजली, एवढंच.

त्याच भाषणात आणखी एक आकडा आहे. शाळेत शंभर पोरं घातली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जाऊन पडतात. पोर शाळेत आलं एवढ्यावर बाबासाहेब खूष नव्हते. साक्षर होऊन आणि साक्षर राहूनच ते बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर पैसा वाया, असं त्यांचं म्हणणं. हा आकडा आपण पुन्हा लागेल म्हणून खिशात ठेवू.

आता माझ्या खात्यातलं थोडं सांगतो. रिंग फ्रेमवर शेकडो चात्या फिरत असतात आणि धागे तुटत असतात. तुटलेला धागा सांधायचा हे आमचं काम. तूट वाढली की साहेब येतो. आधी हवेतली दमट मोजतो, कारण हवा कोरडी पडली की सूत तुटतं. मग कापसाची मिसळ बघतात, रोलर बघतात, रिंगवरचा ट्रॅव्हलर झिजला का बघतात. तंतू आखूड असला तर रोलरमधलं अंतर त्याच्या मापानं बदलून घेतात. कामगाराला शिव्या बसतात त्या बसतातच. पण इतकी वर्षं झाली, धाग्याला कुणी नापास केलेलं मी पाहिलं नाही. मालकाला सूत विकायचं असतं म्हणून तो हवेपासून चातीपर्यंत सगळं तपासतो. शाळेत मात्र पोर तुटलं की तपासणी पोराचीच. खोली, शिक्षक, पुस्तक, पोटातलं अन्न, रस्त्यातला ओढा ह्यांची तपासणी सगळ्यात शेवटी, झाली तर. पोर म्हणजे कापूस नव्हे, ही तुलना इथंच सोडतो. पण सुतासाठी मालक जेवढं करतो तेवढंही राज्य पोरासाठी करत नाही, एवढं ह्यातून दिसतं.

टक्का स्वतः किती खरा असतो तेही बघू. सतरा पोरांच्या शाळेत एक पोर म्हणजे जवळजवळ सहा टक्के. एका पोराला परीक्षेदिवशी ताप आला की शाळेची 'गुणवत्ता' सहा टक्क्यांनी घसरली. तेवढ्यावरून वरच्या कचेरीत शाळा खाली-वर होते. आमच्या तिसरीत चार पोरं होती. दोघांना धडा वाचता यायचा, दोघांना नाही. निकाल पन्नास टक्के. दसरा झाला. न वाचणाऱ्यातल्या एकीच्या आईबापानं मुकादमाची उचल घेतली होती, ते कोयता घेऊन उसाला गेले, पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला बरोबर गेली. उरली तीन. तिघांत दोघं वाचतात. निकाल झाला सदुसष्ट टक्के. शिक्षकानं काही केलं नाही, सरकारनं काही केलं नाही. एक पोरगी फडावर गेली आणि शाळा सुधारली.

ह्याच्यावर थोडं थांबा. जो हिशेब सगळ्यात कच्चं पोर हरवल्यावर सुधारतो त्या हिशेबाला आपण गुणवत्ता म्हणतो. बाबासाहेबांचे ते ब्याऐंशी आठवा. अठरांचाच निकाल लावला असता तर १९२७ च्या चौथीचा वर्गही झकास दिसला असता. त्यांनी हिशेब चौथीत उरलेल्यांवरून धरला नाही, पहिलीत आलेल्यांवरून धरला. नीतीची सगळी गोष्ट ह्यात आली. जे राहिले त्यांना मोजायचं, का जे आले होते त्या सगळ्यांना? उसाच्या हंगामात मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं काढायची, अशी योजना सरकारदरबारी आहे. ती वेळेवर सुरू झाली का, आपल्या गावात झाली का, हे भिंतीवरच्या कुठल्याच तक्त्यात नसतं. तक्त्यात जात आहे, उचल नाही.

आता लहान शाळांचं ऐका. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिळवायचा निर्णय सरकारनं जाहीर केला. कारण सांगितलं गुणवत्ता. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचा विचार पुढं आला, पानशेत आणि तोरणमाळचे नमुने दाखवले गेले. तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजार ७०० च्या वर होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांच्या आसपास पोरं. भागाकार करा. शाळेमागं बारा-तेरा पोरं.

सरकार म्हणतं, एवढ्या थोड्या पोरांत पोर वाढत नाही, खेळायला गडी नाही, वाचनालय नाही, मोठ्या शाळेत सगळं मिळेल. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. एका वर्गात तीन पोरं असली की वर्ग ओसाड वाटतो. आमच्या दोन शिक्षकांना चार इयत्ता एकदम शिकवाव्या लागतात. त्यात त्यांना कागद भरावे लागतात, निवडणुकीच्या कामाला जावं लागतं. पण मोठ्या शाळेत सगळं मिळेल, तर ते आजवर लहान शाळेत का दिलं नाही? आणि मोठ्या शाळेपर्यंत चालत कोण जाणार? बारा-तेरा पोरांच्या शाळा कुठं असतात? तांड्यावर, पाड्यावर, वाडीवर, आपल्या वस्तीवर. पटाच्या आकड्यात जात लिहिलेली नसते. पण पट कमी म्हणून शाळा उठवली तर कुणाची उठते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे. साठपर्यंत पोरं असली तर दोन शिक्षक हवेत असं कायद्यात आहे. ते अंतर कुणी हौसेनं घातलेलं नाही. सहा वर्षांच्या पोरीचे पाय किती चालतात त्याचं ते माप आहे. गाडी देऊ म्हणतात. गाडीचं बिल एक वर्ष थकलं की पहिल्यांदा पोरगी घरी बसते, पोरगा नंतर.

खर्च परवडत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला जोतीबांकडं पाठवा. १९ ऑक्टोबर १८८२ ला त्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. सरकारचा पैसा कुणाच्या घामाचा आणि तो कुणाच्या पोरांच्या वरच्या शिक्षणावर उडतो, हा त्यांचा सवाल होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी त्यांनी तेव्हाच केली. घटनेनं १९५० साली दहा वर्षांची मुदत घातली, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. ती मुदत १९६० ला संपली. मूलभूत हक्क म्हणून ते घटनेत यायला २००२ उजाडलं आणि कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१०. म्हणजे मुदतीच्या वर पन्नास वर्षं. सावकार एवढी थकबाकी ठेवून घेईल का? आणि दुसरी गंमत बघा. १९९२ साली सरकारनं आपल्या पोरींसाठी, दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या, उपस्थिती भत्ता सुरू केला. रोज हजर राहिली तर एक रुपया. पुढं कित्येक वर्षं भाव वाढले, पगार वाढले, रुपयाचा रुपयाच राहिला.

सतरापैकी खुल्या रकान्यात शून्य का, ह्याचंही उत्तर दिलं पाहिजे. गावात खुल्यातली घरं नाहीत असं नाही. त्यांची पोरं सकाळी गाडीनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. गाडी आपल्या वस्तीच्या तोंडावरून जाते. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकत्र बसवायचा हुकूम काढला. शंभर वर्षांनी ती वेगळी शाळा परत आली. ह्या वेळी कुणी हुकूम काढला नाही, ग्रामपंचायतीत ठराव झाला नाही. पैसेवाले एकेक करून उठून गेले आणि उरलेली शाळा आपोआप आपली झाली. उठून जाणाऱ्यांना कायद्यानं धरता येत नाही. म्हणूनच खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा महत्त्वाच्या. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर त्या खासगी शाळेला ह्या जागांतून सूट. मुंबई हायकोर्टानं जुलैत तो बदल रद्द केला. बरं झालं. पण त्या बदलामागचा विचार लक्षात ठेवा. तुमच्यासाठी तुमची शाळा आहे ना, मग आमच्यात कशाला येता? हे वाक्य चवदार तळ्यावरही ऐकलेलं आहे.

इथं आपल्यालाही एक प्रश्न आहे, तो चुकवता येणार नाही. आपल्यातले जे नोकरीला लागले, त्यांचीही पोरं त्याच गाडीत बसतात. मी त्यांना गद्दार म्हणणार नाही. आपल्या पोराला चांगली शाळा शोधणं हा बापाचा धर्म आहे, आणि चळवळीच्या नावानं पोराचं बालपण जाळायचा हक्क कुणालाच नाही. पण शाळेतून पोर काढलं म्हणून शाळेवरचा हक्क सुटत नाही, आणि जबाबदारी तर मुळीच सुटत नाही. ज्याच्या आवाजाला तालुक्यात वजन आहे तो माणूस बाहेर गेला की आतल्या सतरा पोरांचा आवाज आणखी बारीक होतो. ज्यानं पोर काढलं त्यानं निदान त्या शाळेच्या बैठकीला यायचं सोडू नये.

आता डी.एड. झालेल्या साथीचा प्रश्न. आपल्या पोरांना वाचता येत नाही हे खरं का खोटं? खरं आहे. आणि फक्त आपल्याच पोरांचं नाही. २०२४ च्या 'असर' पाहणीत देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या शंभरातल्या तेवीसेक पोरांनाच दुसरीचा धडा वाचता आला. हे झाकून चालणार नाही. वर मी दोष पोराचा नाही म्हणालो. त्यावरून कुणी असा अर्थ काढील की मग वाचता न येणंही चालतं, पोरं गरीब आहेत, ढकला वरच्या वर्गात. तर नाही. ही दया तिरस्काराची सख्खी बहीण आहे. 'तुझ्याकडून काय होणार' हे हसून म्हटलं काय नि हिणवून म्हटलं काय, पोराच्या पदरात तेवढंच पडतं. पोराला वाचता आलंच पाहिजे. ते त्याचं येणं आहे. येणं वसूल करायचं तर आकडा लपवून कसं चालेल? थकबाकी किती ते सांगावंच लागेल. फक्त थकबाकीदार कोण, ते नाव बदलायचं नाही.

आणि मार्क म्हणजे काय ह्याचीही दोन उदाहरणं देतो. १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये मांग-महारांच्या दुःखावर एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता, जोतीबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची पोरगी, शाळेत जेमतेम तीनेक वर्षं शिकलेली. धर्माला आणि पेशवाईला तिनं तोंडावर जाब विचारला. कुठल्या परीक्षेत किती टक्के पडले असते तिला? दुसरं, १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना साडेसातशेपैकी २८२ मार्क पडले. म्हणजे शेकडा ३७.६. मार्काला अर्थ नाही असं मी ह्यातून सांगत नाही. मार्क म्हणजे कुठवर आणून सोडलं त्याचा दगड, पुढं कुठवर जाईल त्याचा नव्हे. फ्रान्समधे आल्फ्रेड बिने नावाच्या माणसानं १९०५ साली बुद्धीची चाचणी बनवली ती मागं पडलेल्या पोरांना जास्त मदत कुणाला हवी हे ओळखण्यासाठी. पुढं अमेरिकेत त्याच चाचणीनं माणसांवर जन्मभराचे शिक्के मारले. चाचणी एकच, हात बदलला.

शेवटी रकान्याचं. फाडावा का ठेवावा? माझं मत सांगतो, पटत नसेल तर पुढच्या अंकात खोडून काढा. जातपडताळणीला आज्याचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. ज्याच्या आज्याला शाळेनं उंबऱ्याबाहेर ठेवलं त्याच्याकडंच शाळेचा कागद मागतात, ही ह्या व्यवस्थेची अक्कल. आणि १९५६ ला आपण बौद्ध झालो तरी केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० ला मिळाल्या. मधली चौतीस वर्षं रकान्यात स्वाभिमान लिहावा का पोट, ह्या पेचात आपले आईबाप सापडले. हा रकाना आपल्या अंगावरचा डाग आहे आणि आपल्या हातातली पावतीही आहे. देणं फिटेपर्यंत पावती कुणी फाडत नाही. पण पावती पेटीत ठेवतात, पोराच्या छातीवर लावत नाहीत. तो रकाना रजिस्टरात राहू द्या, कचेरीत राहू द्या. शाळेच्या भिंतीवरून तो पुसा, शिक्षकाच्या तोंडून तो पुसा. प्रगत-अप्रगतचा कागदही पोरांच्या डोळ्यांसमोरून काढा.

आणि त्या भिंतीवर दुसरा तक्ता लावा. त्यात लिहा, ह्या वर्षी शिक्षक किती दिवस हजर आणि किती दिवस बाहेरच्या कामाला. पुस्तकं कुठल्या तारखेला आली. पोरांच्या वाट्याचा पैसा किती आला, कधी आला. पहिलीत आलेली किती पोरं चौथीला पोचली, जी पोचली नाहीत ती कुठं गेली. मग पोराच्या मार्काचा रकाना त्याच्या शेजारी बसवा. बघणाऱ्याचा डोळा तेव्हाही रेघ मारील, पण ती वेगळ्या दारात जाऊन पोचेल.

हे स्वप्न नाही. कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात चारात तीन सभासद पालक असायला हवेत, निम्म्या बाया हव्यात, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या किती शाखांनी आपल्या वस्तीच्या समितीचं रजिस्टर उघडून पाहिलं? जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घर न घर फिरतो. त्याच घरांत जाऊन समितीच्या बैठकीची तारीख सांगायला वेगळे पाय लागत नाहीत. संध्याकाळी विहारात तासभर पोरांना वाचायला बसवा, ते करायलाच हवं. पण ते करताना सरकारचं देणं माफ झालं असं समजू नका. आपण लावलेला दिवा हा आपला, आणि त्यांनी न दिलेली वीज ही त्यांची बाकी. दोन्ही वहीत वेगवेगळं लिहा.

पुढच्या रविवारी प्रत्येकानं आपल्या वस्तीच्या शाळेचा पट उतरवून आणावा. नावं नकोत. किती आली, किती राहिली, किती गेली आणि कुठं गेली, एवढंच. बेरीज आपण एकत्र करू आणि ती तालुक्याला नेऊन टेबलावर ठेवू.

जय भीम.